तालुक्याचे कोर्ट

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी गावातले काही सवर्ण हिंदू, प्रतिवादींत पहिले नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे. चवदार तळ्यावर वहिवाट आमचीच आहे असे ठरवून द्यावे आणि अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावण्याची मनाई करावी, ही मागणी. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. २५ तारखेला सत्याग्रह परिषद भरायची होती आणि हजारो माणसे महाडला येऊन पोचली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये या तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल त्यांच्यातल्या अनेकांनी मार खाल्ला होता. तरी ती पुन्हा तळ्यावर जायला तयार होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असा आग्रह धरला आणि तो परिषदेच्या गळी उतरवला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता परतली.

महाडची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा इथे थांबतो. कोर्टातली गोष्ट इथून सुरू होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. साक्षीपुरावे झाले आणि जून १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला. वादी ठाण्याला अपिलात गेले, १९३३ मध्ये तिथेही हरले. मग मुंबई हायकोर्टात दुसरे अपील. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने तेही फेटाळले. (१९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड ते हेच.) घोटभर पाण्याचा कायदेशीर हक्क पक्का व्हायला जवळपास दहा वर्षे लागली.

हा दावा ज्या मुद्द्यावर निकाली निघाला तो फार कमी जणांना ठाऊक असतो. वाद्यांची सगळी भिस्त रूढीवर होती. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही, अशी परंपरा आहे, एवढे त्यांचे म्हणणे. कायदा रूढी मानत होता, पण ती अनादी काळापासून चालत आल्याचा पुरावा मागत होता. तो पुरावा वाद्यांना देता आला नाही. वरिष्ठ जातींचा मोठेपणा, त्यांचा धर्म, गावातले त्यांचे वजन यांपैकी काहीही पुराव्याच्या जागी चालले नाही. तालुक्याच्या एका छोट्या कोर्टात सुरू झालेल्या दाव्यात, वसाहतीच्या काळात, गावातली वजनदार मंडळी समोर असताना हे घडले. मला न्यायव्यवस्थेचे सगळे मोल या एका प्रसंगात दिसते. तिथे प्रत्येकाला आपले म्हणणे सिद्ध करावे लागते, आणि बलवान पक्षकाराला त्यातून सूट नसते.

त्याआधी कागदावर सारे काही होतेच. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. पण ठरावाने पाणी मिळाले नाही. माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, त्यांनी डोकी फोडून घेतली, मग दहा वर्षे दावा लढवला. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली तेव्हा तिच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आला. तेराव्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांना छेद देणारी रूढीही निरर्थक ठरवली. महाडच्या वाद्यांचा युक्तिवाद या देशात पुन्हा कोणाला करता येऊ नये, एवढी ती तजवीज होती.

यंदाचा आमचा अंक न्यायव्यवस्थेवर आहे, आणि त्याची मांडणी आम्ही जाणूनबुजून तळापासून केली आहे. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर कोर्ट म्हणजे सर्वोच्च न्यायालय, घटनापीठ, न्यायमूर्तींच्या नेमणुका. ते महत्त्वाचे आहेच. पण बहुतेक माणसांची कायद्याशी गाठ पडते ती तालुक्याला. तिथे एकच न्यायाधीश सकाळी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून दावे चालवतो आणि दुपारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटले. त्याच्यावर वरिष्ठ स्तराचे कोर्ट, मग जिल्हा व सत्र न्यायालय, मग हायकोर्ट. ही उतरंड नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असते. ती प्रत्यक्षात कशी चालते हे मात्र पुस्तकात नसते.

एक बांध घ्या. शेजाऱ्याने नांगर घालताना दोन हात आत घेतला. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा. सातबाऱ्यावरच्या नोंदीची तक्रार असेल तर तलाठी, मंडळ अधिकारी, त्यावर प्रांताकडे अपील. शेजाऱ्याने वाट अडवली तर तहसीलदाराकडे, आणि तो अधिकार त्याला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने दिलेला. जमीन मुळात कोणाच्या मालकीची, हा वाद पडला तर सातबारा तिथे पुरत नाही, कारण ती महसुलाची नोंद आहे. मालकीचा निर्णय दिवाणी कोर्टच करते. या भांडणात काठी उगारली गेली की पोलीस ठाणे आणि न्यायदंडाधिकारी. बांध एक, माणसे तीच दोन, आणि कचेऱ्या चार-पाच. प्रत्येक ठिकाणची तारीख वेगळी आणि फी वेगळी. प्रत्येक ठिकाणी साहेब विचारतात, तिकडचा निकाल लागला का? ग्रामीण महाराष्ट्रात दोन-दोन पिढ्या एका बांधापायी का झिजतात, याचे उत्तर लोकांच्या भांडकुदळपणात शोधू नये. ते या विभागणीत आहे.

आणि निकाल लागला म्हणजे संपले असेही नाही. हुकूमनामा हातात आला तरी कब्जा मिळवायला वेगळी दरखास्त लागते, त्या दरखास्तीलाही हरकती येतात, बेलिफ जागेवर जाऊन हात हलवत परत येतो. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. दीडशे वर्षांनंतर कोणत्याही तालुक्याच्या बाररूममध्ये ते वाचून दाखवा, वकील माना डोलावतील.

देशातल्या सगळ्या कोर्टांत मिळून आज पाच कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत आणि त्यातली बहुसंख्य खालच्या कोर्टांत. १९८७ मध्ये विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली होती. तेव्हा ते दहाच्या आसपास होते. आज आपण विशीच्या आसपास पोचलो आहोत. तारखेवर तारीख पडते म्हणून न्यायाधीशाला किंवा वकिलाला दोष देणे सोपे असते. त्या दिवसाच्या बोर्डावर किती प्रकरणे आहेत, साक्षीदार सकाळपासून बाकड्यावर बसून संध्याकाळी रोजनाम्यात ‘तहकूब’ एवढा शब्द का लिहिला जातो, हे पाहायला कोर्टात एक दिवस बसावे लागते. न्यायाधीशाची रिकामी जागा, लघुलेखकाची रिकामी जागा, समन्स बजावायला न मिळणारा पोलीस शिपाई, वर्षानुवर्षे भाड्याच्या इमारतीत चालणारे कोर्ट, स्त्री पक्षकारासाठी नसलेले स्वच्छतागृह: विलंब असा तयार होतो. यासाठी पैसा राज्य सरकारने द्यायचा असतो, आणि कोणत्याही निवडणुकीत कोणी आपल्याकडे कोर्टाच्या नावाने मत मागत नाही. आपणही मागायला लावत नाही.

एक चांगली गोष्ट मात्र घडली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे काढले, कामावर बहिष्कार टाकला, निवेदने दिली. नागपूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ होते. गोव्यालाही होते. कोल्हापूरच्या माणसाने मात्र जामिनाच्या अर्जासाठीही पावणेचारशे किलोमीटर जायचे, आणि सावंतवाडीच्या माणसाने त्याहून लांब. रात्रीची गाडी, मुंबईतला मुक्काम, वकिलाची फी, आणि कोर्टात गेल्यावर कळायचे की आज बोर्ड तिथपर्यंत पोचणार नाही. अशा वेळी खालच्या कोर्टात हरलेला गरीब माणूस अपील करतच नाही. त्याला निकाल पटलेला नसतो, पण त्याच्याजवळ प्रवासखर्च नसतो. त्याचे न केलेले अपील कुठल्याही आकडेवारीत येत नाही. म्हणून कोल्हापूरचे बेंच ही प्रादेशिक अस्मितेची बाब आहे असे मी मानत नाही. सर्किटचे कायम खंडपीठ लवकर व्हावे, हेही इथे स्पष्टच म्हणतो.

किलोमीटर कमी झाले तरी एक अंतर उरते. १९९८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. साक्ष मराठीत होते, पुष्कळ निकालही मराठीत लिहिले जातात. अपील हायकोर्टात गेले की सारे इंग्रजीत, कारण घटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाने तसे ठरवले आहे. त्याच अनुच्छेदातल्या तरतुदीने राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार इथल्या उच्च न्यायालयांत हिंदीला वाट मिळाली. मराठीला ती मिळू नये असे कोणतेही तात्त्विक कारण मला दिसत नाही. अडचणी खऱ्या आहेत: बाहेरच्या राज्यांतून येणारे न्यायमूर्ती, मराठी निवाड्यांचा अभाव, परिभाषा. पण ज्याचे घर जाणार आहे त्याला ते का गेले हे स्वतःच्या भाषेत वाचता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे आता मराठीत भाषांतरित होऊन मिळतात. मुंबई उच्च न्यायालयातून पक्षकाराला निकालाची अधिकृत मराठी प्रत मागता यावी, एवढ्यापासून तरी सुरुवात करावी.

वरचे कोर्ट नेहमी बरोबर असते असेही कोणी समजू नये. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती, असा तो तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल फिरला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्कारात संमतीबद्दलचे गृहीतक स्त्रीच्या बाजूने आले. उतरंडीच्या शेवटच्या पायरीनंतरही समाजाला बोलण्याची जागा असते, आणि ती चार नागरिकांनी पत्र लिहून वापरली.

शेवटी तुरुंगांविषयी. आपल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेपेचे किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी त्यातून वगळले आहेत. ज्याला हे सांगणारा कोणी नाही, तो आत राहतो. आणि सांगणारा फुकट मिळतो, हेही पुष्कळांना माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातींतली व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतला कोणीही माणूस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागू शकतो. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. देशभरासाठी दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. अंकाच्या शेवटच्या पानावर तो अर्जाच्या नमुन्यासह मोठ्या अक्षरांत छापला आहे. ते पान कापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, अशी वाचकांना विनंती.