सांध्यांबरोबर मनाचीही विचारपूस

चवथीच्या नेवऱ्यांना मुरड घालता येईना, तेव्हा घरच्यांना माझा आमवात दिसला. त्याआधी कित्येक दिवस मी गप्प गप्प असायचे, तो मात्र कुणाला आजार वाटला नाही. "मनाला लावून घेऊ नकोस गो," एवढंच काय ते.

आमवात म्हणजे डॉक्टरांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. सूज वाढवणाऱ्या सायटोकाइन्स या द्रव्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. थकवा येतो, कशातच गोडी वाटत नाही. दुखण्याचा आणि परावलंबनाचा भार आणखी वेगळा. २०१३ साली ७२ अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात अशा शंभर रुग्णांमागे सुमारे १७ जणांना नैराश्याचा आजार आढळला. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो आणि दुखणं बळावतं.

मी सरकारी कारकून. दोन खात्यांच्या मध्ये फाईल कशी अडकते ते मला ठाऊक आहे. माझंही तसंच झालं. सांध्यांच्या तपासणीत मनाचा विषय निघाला नाही, आणि मनाच्या डॉक्टरकडे जायची मला लाज वाटली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सांधे तपासतानाच दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का? कशात रस वाटेनासा झाला का? कुणी विचारलं नाही, तर आपणच सांगावं. सूज उतरली म्हणजे मन सावरेलच असं नाही. त्याला वेगळे उपचार लागू शकतात. मला लागले, आणि ते सांगायला आता मी लाजत नाही.