बक्षीस नव्हे, अधिकार हवा

सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहितांसाठी एक योजना आखली. पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये, तीन वर्षे लांबवणाऱ्यास ७,५०० रुपये. कोवळ्या वयातील बाळंतपणे टाळण्याचा हेतू स्वागतार्हच होता. परंतु मूल लांबवण्याचे ज्ञान आणि निर्णय ज्या मुलीच्या हाती नाही, तिला या बक्षिसाचा उपयोग काय?

माण-जतच्या दुष्काळी वाड्या असोत की कराड-वाळव्याचा ऊसपट्टा, पाळी चार दिवस पुढे गेली की सुनेच्या पोटात गोळा उठतो आणि तिने विचारावे असे घरात कोणी नसते. पाळी चुकली म्हणजे दिवस राहिलेच असे नव्हे. अपुरे अन्न, अतिश्रम, मानसिक ताण, थायरॉईडचे विकार यांनीही ती चुकते. पाळी चुकून आठवडा लोटल्यावर केलेली लघवीची साधी तपासणी भरवशाचे उत्तर देते. त्यासाठीचा ‘निश्चय’ संच आशा कार्यकर्तीमार्फत देण्याची सरकारी तरतूद आहे.

ही धास्तीच टाळणारी साधनेही आहेत. निरोध, गोळ्या, तांबी ही जुनी. ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आली. तांबी वापरणाऱ्या शंभर स्त्रियांत वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस राहतात. साधनाविना संबंध आल्यास ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, तातडीची गोळी घेता येते. मात्र ‘अंगावर पाजते तोवर दिवस राहत नाहीत’ हा समज धोक्याचा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील, केवळ आईच्या दुधावर आणि पाळी परत आलेली नसेल, तरच तो खरा.

तरीही भार कोणावर आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. निर्णय पुरुषाचा आणि शस्त्रक्रिया स्त्रीची, ही वाटणी न्यायाची नाही.

निर्णय स्त्रीच्या हातून गेला की काय घडते, हे सांगली जिल्ह्याने मार्च २०१७ मध्ये पाहिले. म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा बळी गेला आणि पुरलेले १९ भ्रूण सापडले. वास्तविक १९७१ च्या कायद्यानुसार, त्यातील अटींच्या मर्यादेत, नोंदणीकृत डॉक्टरकडे गर्भपात करून घेण्यास सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते; पतीची सही लागत नाही. साधन फसल्याचे कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहितेलाही सांगता येते. हा कायदा किती उपकेंद्रांच्या भिंतीवर लिहिलेला आहे?

दोन्ही जिल्हा परिषदांनी आता बक्षिसांचा विचार सोडावा. प्रत्येक उपकेंद्रात सर्व साधने बारमाही असावीत, विचारणाऱ्या मुलीला लग्नाचा दाखला मागू नये, आशांना कामाचा योग्य मोबदला मिळावा आणि पुरुषांनाही समोर बसवून हे शिकवावे. स्वतःच्या शरीराविषयी निर्भयपणे प्रश्न विचारता येणे हा स्त्रीचा हक्क आहे. त्याची किंमत पाच हजारांत ठरत नाही.