जळक्या ऑइलचा वास आला की गाडी थांबवा

मे महिन्यातली दुपार होती आणि लग्नाला उशीर झाला होता. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना, जोडमोहा मागे पडल्यावर गाडीत करपट वास आला. कढईत तेल करपतं तसाच, पण अधिक जड आणि घशाला लागणारा. मी एसीचं बाहेरची हवा बंद करायचं बटण दाबलं, वास गेला आणि मी तसाच पुढे निघालो. संध्याकाळी ऑइलची दांडी ओढून पाहिली, तर टोकालाही ऑइल लागलेलं नव्हतं. इंजिन वाचलं हे नशीब. पण आपलं बायको-पोरांना घेऊन निघणं असं नशिबावर सोडू नये, म्हणून हे लिहितो आहे.

हा वास येतो कुठून? इंजिनातून गळलेलं ऑइल ओघळत मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या लोखंडावर पडतं आणि तिथे जळतं. गाडी पळत असताना वारा तो धूर मागे नेतो. बसस्टँडसमोरच्या गर्दीत गाडी थांबली की तोच धूर काचेखालच्या जाळीतून आत शिरतो. म्हणून ‘उभी राहिली की वास येतो, चालवली की जातो’ असं झालं तर ती गळतीची खूण समजा. सुगंधी डबी टांगून हा वास झाकू नका.

इंजिन ऑइल साधारण २०० अंशांच्या पुढे तापलं की त्याची पेट घेण्याजोगी वाफ सुटू लागते, आणि घाट चढणाऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली. ती आग टकरीची होती, ऑइलगळतीची नव्हे. पण पेटलेली गाडी माणसांना बाहेर पडायला किती थोडा वेळ देते, हे आपल्या जिल्ह्याला तेव्हा कळलं.

तेव्हा वास आला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. धूर दिसत असेल तर आधी सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. बोनेट एकदम उघडू नका, आत आग असली तर हवा मिळताच ती भडकते. ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा आहे. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर ‘करंजी गावापर्यंत तरी नेऊ’ असं म्हणू नका. तेवढ्या अंतरात इंजिन जाम होऊ शकतं.

धूर नसेल तर सपाट जागी दहा मिनिटं थांबा. दांडी ओढा, पुसा, पुन्हा घालून पाहा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडंथोडं टाका. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका, जास्तीचं ऑइलही सील फोडून बाहेर येतं. नुकतंच ऑइल बदललं असेल तर भरताना सांडलेलं जळत असेल, ते एकदोन दिवसांत थांबतं. मात्र फिल्टर आणि खालचा बोल्ट घट्ट आहे ना, टोपण बसलंय ना, हे पाहून घ्या.

प्रत्येक जळका वास ऑइलचा नसतो. घाटात अर्धा क्लच दाबून चढलात तर क्लच जळल्याचा वास येतो. गोडसर वास कूलंटचा असतो. प्लास्टिक जळाल्यासारखा वास वायरिंगचा, आणि तो सगळ्यांत धोक्याचा.

आता गळती शोधण्याचं. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी तपकिरी-काळे डाग दिसले तर ते इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी दिसले तर कूलंट. नुसतं पाणी एसीचं असतं. पण डाग जिथे पडला तिथेच गळती असेल असं नाही, ऑइल वरून ओघळतं आणि वाऱ्यानं मागे सरकतं. म्हणून थंड इंजिन कापडानं पुसून घ्या, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि सगळ्यांत वरची ओली जागा शोधा. मूळ तिथेच असतं.

माझ्या गाडीचं बोनेट न उघडताच एका गॅरेजात सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. दुसऱ्या मिस्त्रीनं टॉर्च मारली आणि म्हणाला, “भाऊ, इंजिन चांगलं हाये तुमचं. टॅपेट कव्हरची पॅकिंग गेली फक्त.” इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, उष्णतेनं आणि वयानं कडक झालेलं हे रबर बहुतेक लहान गाड्यांत काही शे रुपयांत मिळतं. पॅकिंग बदलतानाच इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायला सांगा. तो तुंबला असेल तर आत दाब वाढून नवी पॅकिंगही गळते. आणि पॅकिंगऐवजी सिलिकॉन थापू देऊ नका. जास्तीचं सिलिकॉन आत पडून ऑइलची जाळी तुंबवतं.

सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी एकदाच भपकारा सोडला तर व्हॉल्व्हचे सील पाहा. ॲक्सिलरेटर दाबताच धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा, डिझेल गाडीत टर्बोही. खर्च मोठा आहे, म्हणून कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.

जळक्या वासाची आपल्याकडची आणखी दोन कारणं. पांदणीनं शेतात गाडी नेताना इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला दगड लागतो आणि बारीक चीर महिनाभर झिरपत राहते. आणि घरात कापूस साठवलेला असला की उंदीर तो बोनेटखाली नेऊन घरटं करतात. ऑइलनं भिजलेला कापूस म्हणजे वातच. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहा, आणि तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाटीवर उभी करू नका.

काम झाल्यावर मॅनिफोल्डवरचं जुनं ऑइल पुसून घ्या, नाहीतर दुरुस्तीनंतरही वास येतो आणि उगाच मिस्त्रीशी वाद होतो. मग आठ दिवस रोज रात्री कोरा पुठ्ठा खाली टाका.