गॅरेजमध्ये रायफल 'नवी करणं': अमेरिकेत रविवारचा छंद, भारतात जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा. असं का?

रात्री झोपण्याआधी रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावात एक माणूस आपल्या गॅरेजमध्ये बसलाय. टेबलावर गंजलेली जुनी शिकारी रायफल. तो ती सुटी करतो, लाकडी दस्ता घासतो, त्याला तेल लावतो, नळी बदलतो, वर दुर्बीण बसवतो. शेवटच्या दहा सेकंदांत रायफल अशी चमकते की जणू आजच दुकानातून आणलीये.

खाली कमेंट्समध्ये आपली मराठी पोरंही असतात. "भावा, आमच्या आजोबांची पण बंदूक माळ्यावर पडलीये, असंच करून बघतो."

थांबा. करून बघायच्या आधी हे वाचा. कारण त्या गॅरेजमध्ये जे चाललंय ते तिथे बहुतांशी कायदेशीर आहे आणि तेच काम आपल्याकडे किमान सात वर्षं आत घालवू शकतं. हा फरक फक्त 'तिकडे मोकळीक, इकडे बंदी' एवढाच नाही. दोन्हीकडचा कायदा 'बंदूक' कशाला म्हणतो, तिथेच खरी मेख आहे.

हे लोक नेमकं करतात काय?

कारखान्यात हजारोंनी बनणारी रायफल सगळ्यांसाठी सारखीच असते. पण वापरणाऱ्याच्या हाताची लांबी वेगळी, शिकारीचं रान वेगळं. त्यामुळे लोक तिच्यात बदल करतात.

लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो आणि नळीला टेकतो. मग गोळी कधी इकडे, कधी तिकडे जाते. म्हणून दस्ता नळीला टेकणार नाही असा बसवतात किंवा थेट फायबरचा घेतात. नळी झिजली की नवी लावतात. जड वाटणारा ट्रिगर बदलतात.

या सगळ्यात अमेरिकेतलं सगळ्यात लाडकं मॉडेल म्हणजे १९६२ मध्ये बाजारात आलेली रेमिंग्टन ७००. तिथल्या मरीन कोअरची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या स्नायपर रायफली याच मॉडेलवरून तयार झाल्या. तिला बसतील असे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या इतक्या आहेत की आपल्याकडे बुलेटला ॲक्सेसरीज मिळाव्यात तसे ते मिळतात.

हा नाद लागला कुठून?

युद्धातून. दोन्ही महायुद्धांनंतर जगभरातल्या सैन्यांकडे लाखो रायफली पडून होत्या. जर्मन माउझर, ब्रिटिश ली-एनफिल्ड, अमेरिकन स्प्रिंगफिल्ड. त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. नवी शिकारी रायफल न परवडणाऱ्या माणसाने सैन्याची जुनी घ्यायची, तिचा जड दस्ता कापायचा आणि ती शिकारीजोगी करायची, अशी पद्धतच पडली. या कामाला 'स्पोर्टराइझ' करणं असं नाव पडलं. गंमत म्हणजे आज संग्राहक मूळ अवस्थेतल्या रायफलला जास्त पैसे मोजतात. ज्यांनी हौसेने कापाकापी केली, त्यांनी नकळत तिची किंमत उतरवली.

पण या स्वस्ताईची एक काळी बाजू होती. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडींची हत्या झाली, ती सैन्यातून निघालेल्या इटालियन कार्कानो रायफलने. ली हार्वे ओस्वाल्डने ती टपालाने मागवली होती. दुर्बिणीसकट किंमत १९.९५ डॉलर.

पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत 'गन कंट्रोल ॲक्ट' आला आणि अशी टपालाने बंदूक मागवायची सोय बंद झाली.

मग गॅरेजवाल्याला पोलीस का पकडत नाहीत?

कारण या १९६८ च्या कायद्यानुसार रायफलचा जो मधला धातूचा सांगाडा असतो, ज्याला 'रिसीव्हर' म्हणतात, तो एकटाच 'बंदूक' मानला जातो. नंबर त्याच्यावर कोरलेला असतो. दुकानातून घेताना तुमची पार्श्वभूमी तपासली जाते ती त्याच्यासाठी. बाकीचं सगळं, म्हणजे नळी, दस्ता, ट्रिगर, दुर्बीण, हे संघीय कायद्याच्या लेखी नुसते सुटे भाग. ते कुरिअरने घरपोच येतात.

म्हणजे एखाद्याने रिसीव्हर तेवढा ठेवून बाकी सगळी रायफल बदलली, तरी सरकारदरबारी ती जुनीच रायफल राहते.

याचा अर्थ वाटेल ते चालतं असा नाही. १९३४ च्या 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट'ने एक रेघ आखून ठेवलीये. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड करायची असेल किंवा सायलेन्सर हवा असेल, तर आधी केंद्राकडे नोंदणी आणि मंजुरी. ती न घेता घरी करवतीने नळी कापली, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. काही राज्यांचे नियम तर याहून कडक आहेत.

सध्या हा विषय चर्चेत का आहे?

दोन कारणं.

पहिलं, 'घोस्ट गन'. कायदा फक्त तयार सांगाड्याला बंदूक मानतो म्हटल्यावर काही कंपन्यांनी अर्धवट बनवलेल्या सांगाड्यांची किट विकायला सुरुवात केली. घरी थोडं काम केलं की बंदूक तयार. नंबर नाही, तपासणी नाही. २०१७ मध्ये तपास यंत्रणांनी माग काढण्यासाठी अशा सुमारे १,६०० बंदुका पाठवल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा १९ हजारांच्या पुढे गेला.

२०२२ मध्ये बायडन सरकारने नियम केला की सहज बंदूक बनू शकेल अशी किटही बंदूकच समजायची. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २६ मार्च २०२५ रोजी कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम उचलून धरला. निकाल लिहिला न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी, जे पुराणमतवादी गटातले मानले जातात.

दुसरं कारण बरोबर उलट्या दिशेचं. सायलेन्सर आणि आखूड रायफलींवर १९३४ पासून २०० डॉलरचा कर होता. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर विधेयकाने तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणी मात्र कायम ठेवली. यावर दोन्ही बाजू भांडतायत. बंदूकप्रेमी म्हणतात, करच नाही तर नोंदणी कशाला? विरोधक म्हणतात, नव्वद वर्षांचा अडसर पाडला.

म्हणजे एकाच वर्षात कोर्टाने एक दार आवळलं आणि संसदेने दुसरं सैल केलं.

पण धोका कुणाला? बंदूक तर त्याचीच आहे!

इथे जरा आकडे बघू. शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ काडतुसात गोळी सुटताना तयार होणारा दाब प्रति चौरस इंच ६० हजार पौंडांपर्यंत जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये तो साधारण ३२ असतो. म्हणजे अठराशे पटींहून जास्त. आणि हे सगळं नेम धरणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर. नळी बदलताना काडतुसाच्या जागेचं माप जरासं चुकलं, तर काडतुसाचं पितळ फाटून तो दाब मागे, तोंडावर येऊ शकतो.

ट्रिगरची गोष्ट त्याहून नाजूक. तो हलका केला की नेम चांगला लागतो, पण जास्त हलका झाला तर धक्का लागला तरी गोळी सुटू शकते. अशी गोळी मालकालाच लागेल असंही नाही. ती शेजारी उभ्या असलेल्या मित्राला लागते, भिंतीपलीकडच्या पोराला लागते.

यात जबाबदारी कुणाची, हे ठरवणं किती अवघड आहे, ते रेमिंग्टन ७०० च्याच प्रकरणात दिसलं. ट्रिगर न ओढताच गोळी सुटल्याच्या तक्रारी कित्येक वर्षं येत होत्या. माणसं मेली, खटले झाले. जुन्या ट्रिगरच्या रचनेत दोष असल्याचं कंपनीने नाकारलं. नीट देखभाल न करणं, हाताळणीतली चूक आणि मालकांनी स्वतः केलेले फेरफार यांकडे तिने बोट दाखवलं.

२०१४ मध्ये नव्या प्रकारच्या ट्रिगरमध्ये उत्पादनातली त्रुटी सापडल्यावर कंपनीने त्या रायफली परत मागवल्या. पुढे एका सामूहिक खटल्यात तडजोड झाली आणि सुमारे ७५ लाख बंदुकांच्या मालकांना ट्रिगर बदलून घेण्याची किंवा काही भरपाईची सोय मिळाली.

यातून निघतं ते इतकंच. तुम्ही रायफलला हात लावला नसेल तर बोट कंपनीकडे दाखवता येतं. एकदा घरी स्क्रू फिरवला की कंपनीही तुमच्याकडे बोट दाखवू शकते. मोकळीक मिळते, पण तिच्यासोबत जबाबदारीही गॅरेजमध्ये येऊन बसते.

याच्या मधला रस्ता नाही का?

आहे. ब्रिटनमध्ये परवानाधारकाला रायफल ठेवता येते, शिकारही करता येते. पण तिथे फक्त सांगाडा नाही, तर नळी आणि बोल्ट यांसारखे दाब सोसणारे भागही नियंत्रणात येतात. नवी नळी घ्यायची तरी परवान्यावर तशी मंजुरी लागते.

शिवाय लंडन आणि बर्मिंगहॅम इथे 'प्रूफ हाऊस' आहेत. तिथे बंदुकीतून मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून ती टिकते का बघतात आणि मग शिक्का मारतात. त्या शिक्क्याशिवाय बंदूक विकणं गुन्हा आहे. हा नियम १८६८ च्या कायद्यापासून चालत आलाय. थोडक्यात, छंद तुमचा, पण तपासणी तिसऱ्याची.

आता आपल्याकडे या. भारतात काय?

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या मागे इंग्रजांचा १८७८ चा कायदा होता, आणि त्याचा हेतूच मुळी भारतीयांच्या हाती शस्त्र राहू नये हा होता. अमेरिकेत शस्त्र बाळगणं १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने हक्क म्हणून आलं. आपल्याकडे ते परवानगी म्हणून आलं.

आपल्या कायद्यात 'बंदूक' या शब्दाची व्याख्या अमेरिकेच्या बरोबर उलटी आहे. इथे बंदुकीचे सुटे भागही बंदूकच. आवाज किंवा आगीचा झोत कमी करणारी जोडणीही बंदूकच. बंदूक बनवायच्या यंत्रसामग्रीचाही त्यात समावेश. म्हणजे तिकडे कुरिअरने येणारी नळी इकडे विनापरवाना शस्त्र ठरते.

बंदुकीची दुरुस्ती करायला किंवा तिचं रूप पालटायला कलम ५ नुसार वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करणं, खेळण्यातल्या बंदुकीची खरी बंदूक करणं, एका वर्गातली बंदूक दुसऱ्या वर्गात नेणं, हे कलम ६ मध्ये येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मर्यादा घातली. लग्न-वरातीत हौसेने गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'एका वर्गातून दुसऱ्या वर्गात' म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच कारखान्यात आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल भारतीय परवानाधारकांच्या ओळखीची आहे. तिची रचना सैन्याच्या ली-एनफिल्डवरून आलेली. बोअर मात्र मुद्दाम वेगळा, कारण सैन्याचा .३०३ बोअर नागरिकांना प्रतिबंधित आहे. दोघी दिसायला बहिणी, पण कायद्याने फारकत केलेल्या. नळी बदलून एकीची दुसरी करणं हा हौशी फेरफार ठरत नाही. कायद्याच्या नजरेत तो गंभीर गुन्हा आहे.

आणि शिकारीचं काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा विषयच संपवला. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबत वन विभागाची परवानगी मिळू शकते. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवानेही असतात, कोकणात ते आजही दिसतात. पण ती परवानगी प्राणी मारण्याची आहे. बंदूक खोलून बदलायची मुभा त्यात नाही.

मग माळ्यावरच्या त्या बंदुकीचं करायचं काय?

- परवाना कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. परवानाधारक हयात नसेल, तर ती बंदूक घरात 'आठवण' म्हणून ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात कळवा आणि वारसा हक्काने परवान्यासाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयात अर्ज करा.
- गंज काढायला पॉलिश पेपर हातात घेऊ नका. नंबर घासला गेला तर तो मुद्दाम पुसला नाही हे पटवताना नाकीनऊ येतील.
- परवानाधारकाने बंदूक पुसणं, तेलपाणी करणं हे ठीक. त्यापुढचं काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच, पावतीसकट.
- परदेशी वेबसाइटवरून दस्ता, नळी, ट्रिगर 'मागवून बघू' नका.
- एअर रायफलची स्प्रिंग बदलून ताकद वाढवायचे व्हिडिओही फिरतायत. २० ज्यूलपेक्षा जास्त शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागतो. खेळण्यासारखी वाटणारी वस्तू एका स्प्रिंगमुळे शस्त्र होऊ शकते.

रीलमधला तो माणूस काही चुकीचं करत नसेल. पण त्याच्या टेबलावर कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात. त्याच्या देशाची घटना, त्याच्या राज्याचे नियम, रिसीव्हरवरचा नंबर आणि अपघात झाला तर त्याच्यावर येणारी जबाबदारी. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त शेवटच्या दहा सेकंदांतली चमक. ती लाइक करायला हरकत नाही. आजोबांची बंदूक मात्र माळ्यावरून उतरवायच्या आधी तिचा परवाना शोधा.