रामेश्वर आणि मधला रस्ता

दूरच्या सायकल-प्रवासाची हौस आपल्या देशात वाढत चालली आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. त्यामुळे हिवाळ्यात मागे सामानाच्या पिशव्या बांधलेले सायकलस्वार आपल्यालाही अधूनमधून दिसतात. ज्यांना रामेश्वर गाठावयाचे असते ते मदुरैपाशी हा मार्ग सोडून पूर्वेकडे वळतात आणि समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर आपला प्रवास संपवितात. आमच्या वर्गातील कित्येक मुलामुलींच्या मनातही असे बेत घोळू लागले आहेत. म्हणून असा प्रवास सफल कशाने होतो, याचा विचार येथे करावासा वाटतो.

प्रवास संपवून आलेल्यास आज पहिला प्रश्न विचारला जातो तो, किती दिवसांत पोहोचलात, हा. दुसरा, रोज किती किलोमीटर तोडलेत, हा. या प्रश्नांना अर्थ नाही असे आमचे म्हणणे नाही. नियमितपणा, काटकपणा आणि मनाचा निग्रह यांवाचून एवढी मजल मारता येत नाही, आणि हे गुण तरुणांनी अंगी बाणवलेच पाहिजेत. परंतु विद्यार्थ्याच्या प्रवासाचे मोजमाप केवळ वेगाने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामेश्वरचा प्रवास मराठी माणसास नवा नाही. काशीची गंगा कावडीतून नेऊन रामेश्वरास वाहावी, ही आपली जुनी प्रथा. पूर्वीचा वाराणसी-कन्याकुमारी महामार्ग ७ नागपूरवरून आदिलाबादमार्गेच जात असे. ही गंगा नेत असता वाटेत तहानेने तळमळणारे गाढव एकनाथमहाराजांनी पाहिले आणि कावडीतले पाणी त्याला पाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सोबतच्या यात्रेकरूंना वाटले, यात्रा फुकट गेली. नाथांना वाटले, ती येथेच पावली. वाटेकडे ज्याचे लक्ष असते त्यालाच तहानलेला जीव दिसतो. रामेश्वर किती दिवसांत गाठावयाचे एवढाच हिशेब मनात असता, तर ते गाढव नाथांनाही दिसले नसते.

आता आपल्याच मार्गाकडे पाहा. उत्तरेकडून येणारा प्रवासी पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. पुढे सागाची राने, निर्मळच्या अलीकडचा महबूब घाट आणि हलक्या पोनिकी लाकडाची रंगीत खेळणी घडविणारे निर्मळचे कारागीर. त्यानंतर सोन येथे गोदावरी लागते. आपल्या पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून अखेर याच गोदावरीस मिळते व बंगालच्या उपसागरात जाते, हे भूगोलात वाचणे वेगळे आणि दोन्ही पूल स्वतःच्या पायांनी ओलांडणे वेगळे. भाषेचेही तसेच. आमची घरची भाषा कोकणी, शाळेची मराठी आणि बाजाराची तेलुगू; शेजारच्या गावांतून गोंडी व कोलामीही कानी पडतात. एक भाषा विरत जाऊन दुसरी केव्हा सुरू होते, हे मोटारीत बसलेल्यास उमगत नाही. सायकलस्वार मात्र पाणी मागावयास थांबतो, तेव्हा त्याला ते कळते. हैदराबाद, कर्नूल, बेंगळूर, सेलम, मदुरै या वाटेने जाताना तेलुगू, कन्नड आणि तमिळ या तिन्ही भाषांत त्याला पाणी मागावे लागते.

वेगाचे वेड लागलेल्यांनी मुंबईच्या पारशी तरुणांचे उदाहरण ध्यानी घ्यावे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहाजण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी आपल्या मुंबई बेटावर परतले. पुढे १९३१ साली त्यांचा वृत्तांत पुस्तकरूपाने निघाला. त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. या प्रवासाची सरासरी काढली तर रोजचे जेमतेम ४४ किलोमीटर पडतात. म्हणजे आदिलाबाद ते निर्मळ हे सुमारे ८० किलोमीटरांचे अंतर जो विद्यार्थी दोन दिवसांत कापील, तो या जगप्रवाशांच्या चालीने चालला असे खुशाल समजावे!

आणि रामेश्वर तरी पोहोचणाऱ्यास काय दाखविते? पांबनचा रेल्वेपूल १९१४ साली झाला. रस्त्याचा पूल १९८८ साली. तोवर सायकलस्वारासही शेवटचा टप्पा आगगाडीने किंवा नावेने पार करावा लागे. रामेश्वरच्या पुढे धनुष्कोडी. डिसेंबर १९६४ च्या वादळात ते गाव उद्ध्वस्त झाले आणि एक आगगाडी उतारूंसह समुद्रात गेली. पडक्या चर्चच्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत. ज्याने वाटेतली गावे डोळसपणे पाहिली असतील, त्यालाच एक गाव नाहीसे होणे म्हणजे काय हे तेथे उमजेल. इतरांस त्या केवळ छायाचित्र काढण्याजोग्या भिंती वाटतील.

म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, मुलांच्या या हौसेस भीतीपोटी मोडता घालू नये. परवान्याचे वय होण्यापूर्वीच मुलाच्या हाती मोटारसायकल देणारे घर सायकल-सहलीस मात्र धोका म्हणते, हे आम्हांस न समजणारे कोडे आहे. मुलींनाही या आनंदापासून दूर ठेवू नये. शिक्षक सोबत असावेत, डोक्यावर शिरस्त्राण असावे, प्रवास दिवसाउजेडी एका रांगेत व्हावा, महामार्गापेक्षा गावरस्ते पसंत करावेत आणि पंक्चर काढणे प्रत्येकास यावे. एवढी दक्षता पुरे.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांपैकी कोणी उद्या रामेश्वरास सायकलीने पोहोचेल, याविषयी आम्हांस शंका नाही. त्याची पूर्वतयारी येत्या हिवाळ्यात निर्मळच्या वाटेवर करता येईल. परत आल्यावर आम्ही तुम्हांस किती वेळ लागला हे विचारणार नाही. वाटेत कोणत्या गावी पाणी प्यालात आणि ते देणाऱ्याचे नाव काय, एवढेच विचारू. त्याचे उत्तर तयार ठेवा.