सांधणी म्हणजे शेवट नव्हे

'फायरफ्लाय' ही अमेरिकन मालिका गुंडाळली गेली त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी तिच्यावरून भांडायची आमची हौस फिटलेली नाही. आमची म्हणजे सोलापूरच्या पार्क चौकात चहाला जमणाऱ्या तिघांची. एकानं आधी मालिका पाहिली, मग तिच्यावरचा 'सेरेनिटी' हा चित्रपट. दुसऱ्यानं नेमकं उलट केलं. मी मालिका पाहिली ती भारनियमनाच्या दिवसांत, मित्राच्या संगणकावर, वीज असेल तेव्हा हाताला लागेल तो भाग. पुढे कळलं, की खुद्द अमेरिकेतल्या प्रेक्षकालाही ती अशीच क्रम मोडून पाहावी लागली होती. आणि तिथं तर वीज चोवीस तास होती.

वाद दरवेळी एकाच प्रश्नाशी येऊन अडतो. या चित्रपटाचं त्या मालिकेशी नातं काय? त्याची तीन उत्तरं बाजारात चालतात आणि मला तिन्ही नाणी खोटी वाटतात. का, ते सांगण्याआधी थोडी हकिगत.

जॉस व्हीडन यानं रचलेली ही मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. गोष्ट सन २५१७ मधली. मधल्या ग्रहांची बलाढ्य 'अलायन्स' सत्ता आणि तिला न जुमानणारे कडेचे ग्रह यांच्यात युद्ध झालं, कडेचे हरले. हरलेल्या बाजूचा सार्जंट माल्कम रेनॉल्ड्स एक जुनं मालवाहू यान घेतो आणि ज्या खोऱ्यात त्याची फौज गारद झाली त्याचंच नाव, 'सेरेनिटी', यानाला देतो. स्वतःसकट नऊ जणांचं बिऱ्हाड घेऊन तो कधी सचोटीची, कधी चोरीची भाडी मारत हिंडतो. मराठीत सांगायचं तर अवकाशातला ट्रकवाला.

पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीला पसंत पडला नाही. त्याऐवजी आगगाडीतल्या चोरीचा भाग आधी लावला गेला. तो मूळ पहिला भाग लागला २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी. बारशाचं आमंत्रण तेराव्याला यावं, तसं. तयार चौदा भागांपैकी अकराच तेव्हा दाखवले गेले. उरलेले तीन अमेरिकेत पोचले ते डिसेंबर २००३ च्या डीव्हीडी संचातून. तो संच असा काही खपला, की युनिव्हर्सल या दुसऱ्याच स्टुडिओनं चित्रपटात पैसे घातले आणि ३० सप्टेंबर २००५ ला 'सेरेनिटी' अमेरिकेत पडद्यावर आला.

आता पहिला पूर्वपक्ष. चाहत्यांचं म्हणणं असं, की चित्रपट म्हणजे मालिकेचा राहून गेलेला शेवट. वाहिनीनं हिरावला तो आम्ही डीव्हीडी विकत घेऊन परत मिळवला. म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. यानात लपून राहिलेली रिव्हर टॅम ही मुलगी, तिच्या डोक्यात सरकारी प्रयोगशाळेनं काय केलं आणि सरकार तिच्या मागे हात धुऊन का लागलं, हे मालिकेतलं सर्वात मोठं कोडं चित्रपट सोडवतो. पण बाकीच्यांचं काय? शेफर्ड बुक हा धर्मोपदेशक. जखमी होतो तेव्हा त्याचं ओळखपत्र पाहून अलायन्सचे अधिकारी निमूटपणे त्याच्यावर उपचार करतात. हा माणूस पूर्वी होता कोण? चित्रपट त्याला मारून टाकतो, उत्तर देत नाही. निळे हातमोजे घातलेले, माणसांना रक्त ओकायला लावणारे ते दोघे? चित्रपटात ते नाहीतच. त्यांचा निकाल आधीच एका चित्रकथेत लावून टाकला होता. मग हा शेवट कसला? नऊ धाग्यांपैकी दोन-तीन बांधले, बाकीचे लोंबते ठेवले.

आणि शेवट हवाच, हा हट्ट तरी कशासाठी? हरिभाऊ आपट्यांच्या 'गणपतराव', 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. कुणी त्यांना शेपूट जोडलं नाही आणि त्यावाचून हरिभाऊंचं काही अडलं नाही. पाणी घालून हजार भागांपर्यंत ताणलेली मालिका पाहून उठणाऱ्या आपल्या प्रेक्षकानं तरी चौदा भागांत थांबलेल्या गोष्टीची कीव करू नये.

दुसरा पूर्वपक्ष याच्या अगदी उलट. चित्रपट स्वयंपूर्ण आहे, मालिका पाहिली नाही तरी चालतं. आमच्यातला दुसरा हे हिरिरीनं मांडतो, कारण त्यानं तसंच पाहिलं. त्याच्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. चित्रपट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कॅमेरा माल्कमच्या मागोमाग यानात फिरायला लागतो. वरच्या केबिनपासून खालच्या मालखान्यापर्यंत, जिना उतरत, दारं ओलांडत, सुमारे चार मिनिटं, मध्ये कुठं कापल्याचं जाणवू न देता. वाटेत एकेक जण भेटतो, माल्कमशी दोन वाक्यं बोलतो, आणि तेवढ्यात कोण चालक, कोण मेकॅनिक, कोण भाडोत्री गुंड, कोण डॉक्टर, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे नवख्यालाही समजतं. शिवाय जुन्या घराचा नकाशा पायाखालून जातो. ही कारागिरी अव्वल आहे. त्याबद्दल वाद नाही.

पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. यानाचा चालक वॉश. मालिकेच्या मूळ पहिल्या भागात तो आपल्याला पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो? चालकाच्या खुर्चीत बसून, प्लॅस्टिकच्या दोन डायनोसॉरांचं भांडण लावून, दोघांचे संवाद स्वतःच म्हणत असतो. बाहेर जिवावरचं काम चाललेलं आणि हा खेळतोय. चित्रपटात हाच वॉश बंद पडलेलं यान कौशल्यानं जमिनीवर टेकवतो, सुटकेचा श्वास सोडतो, आणि पुढच्याच क्षणी काच फोडून आलेला भाला त्याच्या छातीत घुसतो. रडायलाही कुणाला वेळ मिळत नाही. त्याची बायको झोई बंदूक उचलून पुढे निघते. आमचा दुसरा मित्र म्हणाला होता, "तो पायलट गेला, वाईट वाटलं." पुढे त्यानं मालिका पाहिली, मग चित्रपट पुन्हा पाहिला. त्या दिवशी चौकात आला तो गप्पच होता. चहा गार झाला, तेव्हा एवढंच बोलला, "अरे, डायनोसॉर तसेच राहिले की." चित्रपट स्वयंपूर्ण असेलही, प्रेक्षक नसतो.

तिसरा पूर्वपक्ष कडव्या भक्तांचा. चित्रपटानं मालिकेशी बेइमानी केली, हा आरोप. दोन पुरावे दिले जातात. पहिला असा, की मालिकेत डॉक्टर सायमन सांगतो, बहिणीला सोडवण्यासाठी त्यानं पैसे मोजले आणि गुप्तपणे काम करणाऱ्या लोकांनी तिला बाहेर काढलं. चित्रपटात मात्र तो स्वतः वेषांतर करून प्रयोगशाळेत शिरतो आणि तिला घेऊन पळतो. हा आरोप मला मान्य आहे. इथं विसंगती आहे, आणि तिची वकिली करण्यात अर्थ नाही.

दुसरा पुरावा मात्र उलटा आरोप करणाऱ्यांवरच शेकतो. मालिकेत 'रीव्हर' नावाचे नरभक्षक आहेत. लोक म्हणतात, अवकाशाच्या टोकाला गेलेली ही माणसं तिथली पोकळी पाहून वेडी झाली. चित्रपट सांगतो, की मिरांडा नावाच्या ग्रहावर सरकारनं माणसं शांत व्हावीत म्हणून हवेत एक औषध सोडलं. तीन कोटी माणसं इतकी शांत झाली, की काम थांबलं, खाणं थांबलं, पडल्या जागी मेली. हजारात एकावर मात्र उलटा परिणाम झाला, ते हे नरभक्षक. भक्त म्हणतात, गूढ गेलं. मी म्हणतो, गूढ होतं कुठं? मालिकेत सगळं 'लोक म्हणतात' एवढ्यावरच होतं. ती अफवा होती, आणि कोणत्याही सरकारला सोयीची अशी अफवा होती. चित्रपटानं मालिकेला खोटं पाडलं नाही. मालिकेतल्या लोकांना कसं फसवलं गेलं, ते दाखवलं.

आणि मालिका तरी कुठं सोवळी होती? तिच्यातली माणसं चिडली की चिनी भाषेत शिव्या देतात, पाट्यांवर चिनी अक्षरं असतात, कारण भविष्यातली सत्ता अमेरिका आणि चीन यांच्या मिलाफातून आलेली आहे. सोलापूरकराला यात नवल नाही. आमच्याकडे भांडण मराठीत सुरू होतं, रंगात आलं की कानडीत नाही तर तेलुगूत शिरतं आणि दखनीत मिटतं. पण आमच्याकडे तेलुगू ऐकू येते, कारण तेलुगू माणूस शेजारी राहतो, त्याच्या घरात माग असतो. 'फायरफ्लाय'च्या नऊ मुख्य पात्रांत चिनी वंशाचा एकही नट नाही. भाषा आली, माणूस आला नाही. चित्रपटानंही ही चूक तशीच पुढे चालवली. बेइमानी शोधायचीच असेल, तर ती दोघांची मिळून इथं आहे.

तिन्ही नाणी परत केली. आता माझं नाणं.

आमच्या गावात मागावरचा ताणा संपत आला, की विणकर तो मुळापासून काढून टाकत नाही. जुन्या ताण्याची टोकं फणीत ओवलेली तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला बांधतो. याला सांधणी म्हणतात. काम किचकट, डोळे फोडणारं. क्रम चुकला तर नक्षीत दोष उतरतो. सांधणीची गाठ म्हणजे जुन्या कापडाचा शेवट नव्हे, आणि नवं कापड तर ती नव्हेच. पुढे विणता यावं, म्हणून ती असते. 'सेरेनिटी' ही मला अशी सांधणी वाटते. रिव्हरच्या सुटकेची गाठ सुटली, वॉशची घट्ट बसली, नरभक्षकांची सर्वांत कसबी.

मग मालिका आणि चित्रपट यांत फरक कोणता? अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरची मायकेल शारा यांची कादंबरी वाचून व्हीडनला हरलेल्यांची गोष्ट सुचली होती. लढाईची नव्हे, लढाईनंतर पोट भरण्याची. हा फरक सोलापुरात लवकर समजावा. मे १९३० मधले चार दिवस, इंग्रजांचा अंमल शहरातून उठला होता ते, आम्हाला शाळेपासून पाठ असतात. त्यापाठोपाठचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मेही. पण मार्शल लॉ उठल्यावर गिरणीत पुन्हा पाळीवर गेलेला माणूस रात्री घरी येऊन बायकोशी काय बोलला, हे कुणी शिकवत नाही. चित्रपट त्या चार दिवसांचा असतो. मालिका त्या पाळीवर गेलेल्या माणसाची असते. साधारण अकरा तास माल्कम भाडं मिळवतो, इंधन पुरवतो, सरकारी गस्त चुकवतो. चित्रपटाच्या दोन तासांत तो पुन्हा युद्धात उतरतो, आणि या वेळी सत्य सगळ्या ग्रहांपर्यंत पोचवतो. एकाच माणसाच्या या दोन बाजू आहेत. एकीनं दुसरीची जागा घ्यावी, ही मागणीच चुकीची.

सांधणी झाली, पण पुढे विणकाम झालं नाही. चित्रपटाला खर्च आला सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर; जगभरच्या थिएटरांतून गल्ला जमला सुमारे ४ कोटी. २००६ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, दुसरा चित्रपट मिळाला नाही. म्हणजे जी गाठ पुढच्या कापडासाठी मारली, तीच आज शेवटची दिसते. लोक तिला शेवट म्हणतात ते त्यामुळे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. आधी चौदा भाग पाहा, वाहिनीनं लावले त्या क्रमानं नव्हे, रचले गेले त्या क्रमानं. मग दोन दिवस जाऊ द्या, मग चित्रपट. आणि पहिल्याच भागात चालकाच्या समोर ते प्लॅस्टिकचे डायनोसॉर दिसले, की नीट बघून ठेवा.