उंबऱ्याशी थांबलेले श्रमदान

राजस्थानातील नवलगढ, फतेहपूर, रामगढ ही शेखावाटीतील गावे पर्यटकांना चित्रांनी मढलेल्या हवेल्यांमुळे ठाऊक आहेत. स्थानिक रहिवासी मात्र त्यांतल्या ओस हवेल्यांकडे पावसाळ्यात धास्तीने पाहतात. एकोणिसाव्या शतकात काफिल्यांचा व्यापार मोडला, शेठ मंडळी कलकत्ता-मुंबईला गेली. तेथील कमाईतून त्यांनी गावी हवेल्या बांधल्या. पुढे त्यांची कुटुंबेही शहरांतच स्थिरावली. (भिंतीवर आगगाडी रंगवणाऱ्या चिताऱ्याला या घराचे भवितव्य उमगले असावे, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला उगाच वाटून जाते.)

अशाच एका गल्लीत मी रहिवाशांना पडक्या हवेलीच्या चौकातला राडारोडा आणि झुडपे उपसताना पाहिले. रस्त्यावर झुकलेल्या सज्जाला मात्र कोणी हात लावला नाही. तो उतरवावा, तर परक्याच्या मालमत्तेचे नुकसान केल्याचा गुन्हा. ठेवावा, तर खालून मुले शाळेत जातात.

जिल्हा प्रशासनात असताना अशा फायली माझ्यापुढे येत. धोकादायक इमारत पाडण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस देण्याचा अधिकार नगरपालिकेला असतो. पण ती बजावायची कोणावर? घर पणजोबांच्या नावावर, वारस तीस-चाळीस, पत्ते चार शहरांत आणि दिवाणी दावा प्रलंबित. मग नोटीस दारावर डकवतात आणि फाईल पुढे सरकते.

म्हणून पालिकांना सरसकट पाडकामाची मुभा द्यावी, हे मला मान्य नाही. बाजारपेठेतील जागेचा भाव चढला की धडधाकट वास्तूही ‘धोकादायक’ ठरते, आणि तिचे कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे पोहोचतात. राज्यांनी त्याऐवजी एक मधला मार्ग कायद्यात आणावा. अभियंत्याने पाहणी करावी, जाहीर मुदत द्यावी. तरी वारस पुढे आला नाही, तर पालिकेच्या देखरेखीखाली रहिवाशांच्या समितीला रक्षणापुरता ताबा मिळावा. टेकू, कुंपण, सफाई यांचा खर्च मालमत्ताकराच्या थकबाकीत चढवावा. उतरवलेल्या प्रत्येक चौकटीची, दगडाची नोंद पंचांसमक्ष व्हावी. मालकी वारसांचीच राहील.

सरकारी इमारतींना तर वारसांचा घोळही नाही. तरीही 25 जुलै 2025 रोजी याच राज्याच्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी येथील सरकारी शाळेचे छत कोसळून 7 मुलांचा मृत्यू झाला. खासगी मालकांना मुदत घालणाऱ्या कायद्यात तीच मुदत सरकारी खात्यांनाही लागू असली पाहिजे.